*अंगठ्याचं नख मांसात रुतलं तर: घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं*



आजचा मेसेज पिकाचा नाही, पायाचा आहे. पऱ्हाटीत डवरणी, निंदण, फवारणी सुरू आहे. मौदा-रामटेककडे धानाची रोवणी आहे. पाय दिवसभर चिखलात, नाहीतर गमबुटात. याच दिवसांत अंगठ्याचं नख कडेने मांसात रुततं. आधी थोडं दुखतं, आपण दुर्लक्ष करतो. मग पू होतो आणि ऐन हंगामात बूट घालता येत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी तर ही किरकोळ गोष्ट नाहीच. वेळेवर लक्ष दिलं तर बहुतेक वेळा घरच्या घरी बरं होतं.

*नख का रुततं?*

१) नख कोपऱ्यातून गोल आणि खोल कापल्यामुळे. कापताना आत बारीक काटा राहून जातो, तो दिसत नाही. नख वाढलं की तोच मांसात शिरतो.
२) घट्ट किंवा पुढे निमुळत्या बुटामुळे.
३) सतत ओलं राहून कातडी नरम पडल्यामुळे.
४) ठेच लागून किंवा अंगठ्यावर बैलाचा पाय पडून.

*घरी काय करायचं?*

फक्त दुखत असेल, थोडी सूज-लाली असेल, पण पू नसेल तर:

१) कोमट पाण्यात पाय १५-२० मिनिटं बुडवा, दिवसातून ३-४ वेळा. पाणी आधी कोपराने तपासा.
२) पाय पुसून पूर्ण कोरडा करा, बोटांच्या मधलीही जागा.
३) नख नरम झालं की स्वच्छ कापसाची बारीक वात नखाच्या कडेखाली हलकेच सरकवा, म्हणजे नख मांसावरून उचललं जातं. वात रोज बदला. फार दुखत असेल तर जबरदस्ती करू नका.
४) वरून व्हॅसलीन लावून स्वच्छ पट्टी बांधा.
५) घरी मोकळी चप्पल घाला. चिखलात जाणं दोन-चार दिवस टाळा.

*हे करू नका*

❌ ब्लेड, सुई किंवा सिकेटरने कोपरा कोरू नका. आज बरं वाटतं, पण नवा काटा तयार होतो. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं, म्हणून हा त्रास काही महिन्यांनी परत येतो.
❌ नखाच्या मधोमध खाच पाडू नका. त्याने नख बाजूने ओढलं जात नाही, हा गैरसमज आहे.
❌ जखमेवर शेण, माती, राख लावू नका. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात.
❌ दुकानातून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

*डॉक्टरकडे कधी जायचं?*

👉 शुगर असेल, पायात मुंग्या-बधिरपणा असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर घरचा उपाय करत बसू नका, *पहिल्याच दिवशी* जा. शुगरमध्ये पायाला दुखणं कळत नाही, जखम भरत नाही. अशीच छोटी जखम चिघळून बोट किंवा पाय कापायची वेळ येऊ शकते.
👉 बाकीच्यांनी २-३ दिवसांत फरक पडला नाही, पू आला, नखाच्या कडेला लाल मांस वाढलं किंवा तोच त्रास परत परत झाला तर जा.
👉 ताप आला, लाली पायावर वर चढू लागली किंवा लाल रेघ दिसली तर *त्याच दिवशी* जा.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

ऑपरेशनच्या भीतीने बरेच जण जात नाहीत. प्रत्यक्षात अंगठा इंजेक्शनने सुन्न करतात आणि रुतलेल्या बाजूची नखाची बारीक पट्टी काढतात. तेवढं नख परत वाढू नये म्हणून कधी कधी मुळाशी औषध लावतात. त्याच दिवशी घरी येता येतं. जखम भरायला काही आठवडे लागू शकतात, तोवर ड्रेसिंग कोरडं ठेवायचं आणि चिखलात कधी उतरायचं ते डॉक्टरांना विचारायचं.

*कुठे जायचं?* आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुढे पाठवलं तर नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. आपल्या मनीषनगर ऑफिसकडे येणाऱ्यांना वर्धा रोडने एम्स सोयीचं पडतं.

*गमबूट सोडायचा नाही*

पाय दुखतो म्हणून अनवाणी फवारणी करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. औषध कातडीतूनही अंगात जातं, आणि जखम असेल तर जास्त. अंगठ्याला जखम असेल तर ती भरेपर्यंत फवारणी दुसऱ्याला करू द्या.

बूट घेताना बोटांपुढे अर्धा इंच जागा ठेवा. संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आत कोरडा सुती मोजा घाला. नख *सरळ* कापा, कोपरे आत वळवू नका, बोटाच्या टोकापेक्षा आखूड करू नका.

आज रात्री पाय धुताना दोन्ही अंगठे नीट पाहा. घरात कोणाला शुगर असेल तर त्यांचे पाय तुम्ही पाहा. निंदणाला येणाऱ्या बायांना आणि मजुरांनाही हा मेसेज वाचून दाखवा.

मी शेतीचा सल्लागार आहे, डॉक्टर नाही. शंका असेल तर ग्रुपवर फोटो टाकून थांबू नका, थेट दवाखान्यात जा.

पुढच्या मेसेजमध्ये कपाशीवरच्या रसशोषक किडींबद्दल.

– आपला कृषी सल्लागार, मनीषनगर ऑफिस, नागपूर