'तुंबाड'चा वाद आणि मराठी भयकथा

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या तीनच महिने आधी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' प्रदर्शित झाला होता. मराठी मातीतली ही अद्भुतकथा हिंदीत अवतरली आणि रसिकांत जो वाद जुंपला, तो २०२४ च्या पुनःप्रदर्शनानंतरही शमलेला नाही.

चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले. कथाबीज मात्र नारायण धारपांच्या 'आजी'चे, आणि तीही स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली. धारपांचे वाचक म्हणतात, घरातल्याच माणसाचे भय हे कथेचे बळ. पडद्यावर ते पहिल्या भागातच ओसरते आणि पुढे हस्तरच्या सुवर्णमुद्रा तेवढ्या उरतात. आक्षेप खरा, पण अपुरा. धारपांनी परकी कथा मराठी घरात रुजवली; बर्वे यांनी तिच्यातून बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या लोभाची कहाणी वाढवली. रूपांतराचे सामर्थ्य अशा वाढीतच असते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. कोकणातल्या वाड्यातली माणसे हिंदी का बोलतात? उणीव निश्चितच आहे. परंतु तिचा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हे. भयकथेला वाचनालयात मागणी, पण समीक्षेत आणि संमेलनाच्या मंडपात तिची जागा बहुधा उंबरठ्याबाहेरची. स्वतःच्या घरी ज्या साहित्याला आसन मिळाले नाही, ते शेजारघरी मानाने बसले, तर मराठी रसिकाने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?