मावळातला हिरवा आणि पडद्यावरचा कुंचला

भोर आणि वेल्हे परिसरातील पावसाळी निसर्ग रंगवू पाहणाऱ्या चित्रकारापुढचा पहिला प्रश्न हिरव्या रंगाचा असतो. कारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत दिसणारा हिरवा हा एकच एक रंग नसून, नुकत्याच लावणी झालेल्या भातखाचरांचा पोपटी, कारवीच्या रानाचा गर्द, कातळावरच्या शेवाळाचा काळसर आणि तोरण्याच्या धुक्याआडच्या उतारांचा निळसर करडा अशा अनेक छटांचा तो मेळ असतो. जलरंगात काम करणारे अनुभवी चित्रकार हे हिरवे बहुधा नळीतून थेट घेत नाहीत. पिवळा आणि निळा यांचे प्रमाण बदलत, त्यांत कधी तांबूस मातकट रंगाचा थेंब टाकत, ते रंगपाटीवर किंवा थेट ओल्या कागदावर घडवतात. हाच चित्रकार संगणकाच्या पडद्यावर गडद पिवळ्याशेजारी गडद निळा लावून दोन्हींच्या सीमेवरून मिसळणीचा कुंचला फिरवतो, तेव्हा मात्र तेथे हिरव्याचा मागमूस नसतो, उरतो तो राखाडी पट्टा. कुंचल्याच्या टोकाचा आकार किंवा केसांचा पोत कितीही बदलला तरी हा दोष जात नाही, कारण त्याचे मूळ कुंचल्याच्या रूपात नसून रंगांच्या बेरजेत आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेपासून येथे जलरंगाची जी परंपरा रुजली, तिने रंगमिश्रणाला हाताच्या सवयीचे रूप दिले. सावळाराम हळदणकरांनी हाती दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्रात दिव्याचा उजेड जलरंगात उतरवला, आणि पुण्यात मिलिंद मुळीकांसारख्या चित्रकारांनी निसर्गचित्रणाची ती वाट आजच्या पिढीपर्यंत आणली. १९३१ साली दांडेकरांनी उभारलेल्या कॅम्लिन उद्योगाच्या रंगपेट्यांमुळे पुढे शाळकरी मुलांच्या बोटांनाही पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे अंगवळणी पडले. पडद्यावरच्या साधनाने हे ज्ञान निरुपयोगी ठरवणे ही केवळ गैरसोय नसून शिकलेल्या हातावरचा अन्याय आहे, आणि म्हणूनच कुंचला जुळवण्याची विद्या समजून घेणे अगत्याचे ठरते.

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन मात्रांनी ठरतो, व प्रत्येक मात्रा सामान्यतः ० ते २५५ या आकड्यांत मोजली जाते; या पद्धतीला आरजीबी म्हणतात. तीत शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. चित्रे रंगवण्याची सर्वसाधारण संगणकप्रणाली दोन रंग मिसळताना या आकड्यांची सरासरी काढते, आणि येथे ती सरासरी तिन्ही मात्रांत सुमारे १२८, म्हणजे निव्वळ राखाडी, येते. काही प्रणालींत सरासरी काढण्यापूर्वी आकडे प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात बदलून घेण्याची सोय असते आणि तिचा लाभही होतो. लाल व हिरवा यांच्या सीमेवर येणारी मळकट काळी रेघ तिच्यामुळे उजळते. पण पिवळ्या-निळ्याच्या बाबतीत ती उपयोगी पडत नाही, कारण १२८ ऐवजी १८८ आले तरी तिन्ही मात्रा समानच राहतात आणि राखाडी फक्त फिकट होतो. या दोन्ही रीतींत प्रकाशात प्रकाश मिसळण्याचेच गणित आहे, आणि रंगपाटीवर प्रकाशात प्रकाश मिसळत नसतो.

तेथे काय घडते हे कळण्यासाठी भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या पठाराकडे पाहावे. या पठारावरील सात रंगांची माती प्रसिद्ध आहे. लाल, पिवळसर, जांभळट, पांढुरकी अशा तिच्या छटा एकमेकींलगत आढळतात. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट खडक पावसापाण्याने दीर्घकाळ झिजून अशी माती तयार होते, आणि तिच्या तांबड्या-पिवळ्या रंगांमागे मुख्यतः लोहाची संयुगे असतात: हेमॅटाइट या खनिजाने लाली येते, गोएथाइटने पिवळेपणा येतो, आणि जेथून लोह धुऊन गेले तेथे माती फिकी पडते. जुन्या घरांच्या भिंतींवरचा गेरू आणि चित्रकाराच्या पेटीतला पिवळा मातकट रंग हे याच कुळातले. अशा मातीचा किंवा कोणत्याही रंगद्रव्याचा कण प्रकाशावर दोन क्रिया करतो. तो काही तरंगलांबींचा प्रकाश गिळतो, याला शोषण म्हणतात. आणि उरलेला प्रकाश इतस्ततः उधळतो, याला विकिरण म्हणतात. पिवळे द्रव्य निळा प्रकाश गिळते. निळे द्रव्य लाल आणि पिवळा प्रकाश गिळते. दोन्हींच्या कणांमधून ठेचकाळत जाणाऱ्या प्रकाशापैकी ज्याला दोघांनीही फारसे अडवले नाही तो हिरवा तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

या क्रियेचे गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये मांडले. प्रत्येक तरंगलांबीसाठी रंगाचे शोषण आणि विकिरण मोजावे, मिश्रणात प्रत्येक रंगाचे जेवढे प्रमाण असेल त्या प्रमाणात या दोन राशींची बेरीज करावी, आणि शेवटी त्यांच्या गुणोत्तरावरून परावर्तित होणारा प्रकाश काढावा, अशी ती रीत आहे. समजा, एखाद्या तरंगलांबीचा ८० टक्के प्रकाश एक रंग परतवतो आणि दुसरा केवळ ५ टक्के. साधी सरासरी ४२.५ टक्के येईल, परंतु दोहोंचे विकिरण सारखे धरून कुबेल्का-मुंक रीतीने हिशेब केला तर सम प्रमाणातले मिश्रण जेमतेम ९ टक्के प्रकाश परतवते. म्हणजे मिश्रणात शोषणाऱ्याचे वर्चस्व असते, आणि गडद निळ्याचा एक थेंब पिवळ्याच्या मोठ्या गोळ्याला का बदलून टाकतो याचे उत्तर या एका आकड्यात आहे. फ्थॅलो निळ्यासारखा रंग नळीतून काढताना जवळपास काळा दिसतो आणि पांढरा मिसळताच झळाळून उठतो, तेही याच कारणाने. सरासरीच्या गणितात पांढऱ्याने रंग केवळ फिका होऊ शकतो, अधिक तेजस्वी कधीच होत नाही.

हे सूत्र जुने असले तरी चित्रकाराच्या कुंचल्यात ते सहज वावरेल अशी सोय अलीकडची आहे. १९९७ मध्ये संगणकीय जलरंगाच्या एका संशोधनात ते वापरले गेले; २०२० च्या मायपेंट २.० या मोफत प्रणालीत वर्णपटावर आधारित मिश्रण आले. आणि २०२१ मध्ये शार्का सोखोरोवा व ओंद्रेय यामरिष्का यांनी मिक्सबॉक्स ही रीत प्रसिद्ध केली. या रीतीत पडद्यावरचा कोणताही रंग फ्थॅलो निळा, क्विनाक्रिडोन किरमिजी, हान्सा पिवळा आणि टायटॅनियम पांढरा या चार रंगद्रव्यांच्या प्रमाणांत मांडला जातो, जो अंश त्यांत बसत नाही तो वेगळा जपला जातो, मिश्रण या प्रमाणांचे होते आणि उत्तर पुन्हा आरजीबीत आणले जाते. त्याच वर्षाअखेरीस रेबेल या प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीच्या व्यावसायिक रूपात ती उपलब्ध झाली. ज्या प्रणालीत रंगद्रव्यांवर आधारित मिश्रणाचा पर्याय आहे, तेथे कुंचल्याच्या इतर कोणत्याही खटपटीआधी तो चालू करावा.

त्यानंतर येतो तो कुंचल्यातील रंगाच्या उचल-ठेवीचा भाग, आणि बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. खरा कुंचला कागदावर रंग ठेवता ठेवता तेथला ओला रंग उचलतही असतो, आणि उचललेला रंग पुढे नेऊन सोडतो. संगणकीय कुंचल्यात या तीन क्रिया वेगवेगळ्या खुंट्या पिळून जुळवता येतात. फोटोशॉपमध्ये २०१० पासून असलेल्या मिक्सर ब्रशमध्ये ‘वेट’ने कागदावरचा रंग किती उचलायचा ते ठरते, ‘लोड’ने कुंचल्यात किती रंग भरायचा ते ठरते, आणि ‘मिक्स’ने कागदावरचा व कुंचल्यातला यांचे प्रमाण ठरते. प्रोक्रिएटमध्ये ‘डायल्यूशन’ म्हणजे रंगातले पाणी, ‘चार्ज’ म्हणजे फटकाऱ्याच्या आरंभी कुंचल्यात असलेला रंग, ‘अटॅक’ म्हणजे तो किती चिकटेल ते, आणि ‘पुल’ म्हणजे कागदावरचा रंग किती जोराने ओढला जाईल ते. क्रिता या मोफत प्रणालीत ‘कलर स्मज’ जातीच्या कुंचल्यांना ‘स्मज लेंथ’ व ‘कलर रेट’ या दोन मुख्य खुंट्या आहेत. पहिलीने जुना रंग किती लांब ओढला जाईल ते ठरते, दुसरीने नवा रंग किती उतरेल ते. तेथेच ‘स्मिअरिंग’ निवडल्यास कुंचला खालचे चित्र जसेच्या तसे फरफटत नेतो आणि ‘डलिंग’ निवडल्यास खालच्या जागेचा एकच रंग टिपून तो पसरवतो. भातखाचरांच्या बांधांसारख्या जाड तैलरंगी फटकाऱ्यांना पहिला प्रकार शोभतो, आकाशाच्या मऊ उतरंडीला दुसरा.

या खुंट्या एका जागी कायम ठेवण्यापेक्षा लेखणीच्या दाबाशी जोडणे अधिक चांगले. नव्या रंगाचे प्रमाण दाबावर सोपवले, तर हलका हात केवळ मिसळतो आणि जड हात रंग भरतो, त्यामुळे साधन न बदलता एकाच फटकाऱ्यात दोन्ही कामे होतात; जलरंगात मुरलेल्या हाताला ही जुळणी लगेच आपली वाटते. येथे एक तांत्रिक बारकावा विसरता कामा नये: संगणकीय फटकारा सलग नसून जवळजवळ उमटलेल्या ठशांची माळ असतो, आणि प्रत्येक ठसा खालचा रंग नव्याने उचलतो, म्हणून ठशांतले अंतर बदलले की मिसळणीचा जोरही बदलतो. अंतर फार वाढले तर मणी दिसू लागतात. एका अंतरावर मनाजोगती जुळवलेली मिसळण दुसऱ्यावर बिघडलेली वाटते ती यामुळेच. शिवाय प्रत्येक मात्रेला केवळ २५६ पायऱ्या देणाऱ्या आठ-बिट चित्रात हलक्या मिसळणीच्या पुनःपुन्हा होणाऱ्या पूर्णांकनाने पट्टे पडतात आणि जुन्या रंगाचा पुसट डाग जाता जात नाही. धुक्याचे आकाश रंगवायचे असेल तर सोळा-बिट चित्र घेणे हा त्यावर खरा उपाय आहे. निळा एका थरावर आणि पिवळा दुसऱ्यावर असेल तर बहुतेक कुंचले त्यांना परस्परांत मिसळतच नाहीत. खालचे थरही टिपण्याचा पर्याय चालू करावा लागतो, किंवा दोन्ही रंग एकाच थरावर ठेवावे लागतात.

राजगडाच्या माच्यांवर उतरणारे धुके हे या सर्वांची कसोटी घेते, कारण जलरंगात ते पांढऱ्या रंगाने होत नाही. तेथे कागदाचा पांढरेपणा राखून ओल्यात ओला रंग सोडला जातो. ही पारदर्शकता मिसळणीच्या कुंचल्याने येत नाही, ती ‘मल्टिप्लाय’ या रीतीच्या पातळ थरांनी येते, कारण तीत वरचा थर खालून येणाऱ्या प्रकाशाला गाळतो. फिकट पिवळ्यावर आकाशी थर दिल्यास येथे हिरवा खरोखरच मिळतो. सुकताना जलरंगाच्या डागाची कड गडद होते, कारण कडेला पाणी लवकर उडते आणि त्या जागी धाव घेणाऱ्या पाण्याबरोबर कण तेथे साचतात. ज्या प्रणाली पाण्याचा प्रवाह मोजत नाहीत त्यांच्यात ‘वेट एजेस’सारखा पर्याय तेवढी नक्कल करतो, आणि लहान डागांसाठी ती पुरेशी असते. ज्यांच्याकडे रंगद्रव्यांवर आधारित प्रणाली नाही त्यांनी पिवळ्या-निळ्याच्या सीमेवर मधला हिरवा स्वतः निवडून आधी ठेवावा आणि मग दोन्ही बाजूंनी मिसळावे. सरासरीला लांबचा प्रवास करावा लागला नाही की ती राखाडीकडे झुकत नाही.

मिक्सबॉक्सची चार रंगद्रव्ये आधुनिक कारखान्यांतली आहेत, पण मोजण्याची रीत कोणत्याही मातीला लागू पडते. रायरेश्वराच्या एकेका छटेची चिमूटभर माती वाटून, पाण्यात निथळून, बाभळीच्या डिंकात कालवून आणि ठरलेल्या प्रमाणांत पांढरा मिसळून पट्ट्या रंगवल्या, व त्यांचे परावर्तन तरंगलांबीगणिक वर्णपटमापकाने नोंदले, तर त्या मातीचे शोषण व विकिरण काढता येईल आणि ती कुंचल्यात भरता येईल. एखाद्या कलामहाविद्यालयाने भौतिकशास्त्राच्या विभागाला सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे असे ते आहे. पठारावरची माती पर्यटकांनी पिशव्या भरून नेण्याजोगी मुबलक नाही, मोजणीला मात्र काही ग्रॅम पुरतात. आणि एकदा मोजलेली माती पुढे कितीही चित्रकारांना वापरता येईल.