लाटेवर स्वार होण्याची फळी

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. आम्ही स्नान आटोपून वर्तमानपत्र हातीं घेतलें नाहीं तोंच अंधेरीहून आमच्या धाकट्या भगिनीचा फोन आला. "दादा, तूं आजच्या आज इकडे ये. तुझ्या भाच्याच्या हनुवटीला तीन टांके पडले आहेत, आणि तरी ती मेली फळी घराबाहेर काढावयास तो तयार नाहीं!"

मुलुंडाहून घाटकोपर आणि घाटकोपराहून मेट्रोनें अंधेरी असा प्रवास करून आम्ही तिच्या घरीं पोंचलों, तेव्हां आरोपी व आरोपाचें कारण अशीं दोन्ही दिवाणखान्यांत हजर होतीं. भाचा पंचविशींतला, शिकलेला, नोकरीस लागलेला. फळी सहा फुटांस दोन इंच कमी, टोंकाशीं निमुळती, जेमतेम सवादोन इंच जाड आणि दिसावयास मोठी देखणी. सर्फिंग, म्हणजे लाटेवर उभें राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याचा जो खेळ, त्यासाठीं तिनें तिची जागा घेतलेली. ती त्यानें कोणा विक्रेत्याकडून जुनीच विकत घेतली होती. "नामांकित खेळाडू अशीच वापरतात," असें विक्रेत्यानें सांगितलें होतें. तें खोटें नव्हतें. आणि सारा घोटाळा त्यांतच होता. वर्सोव्याच्या कमरेएवढ्या पाण्यांत भाचा तिच्यावर पालथा पडावयास गेला, फळी त्याच्या अंगाखालून निसटली आणि पुढच्याच फेंसाळ लाटेनें तिचें टोंक त्याच्या हनुवटीवर आणून आपटलें.

"मामा, दोष फळीचा नाहीं, माझा सराव कमी पडतो," असें त्याचें म्हणणें. "दोष समुद्राचा आहे, त्यानें समुद्रांत जाऊंच नये," असें त्याच्या आईचें म्हणणें. न्यायाधीशाच्या आसनावर आम्हांस बसविण्यांत आलें खरें, पण ज्याचा कायदाच ठाऊक नाहीं त्या खटल्याचा निकाल कसा द्यावा? आम्हीं मुदत मागून घेतली. त्या मुदतींत जें वाचलें, आणि माघ महिन्यांत भाच्याबरोबर गोव्यास जाऊन जें प्रत्यक्ष पाहिलें, तें येथें देत आहों. उपनगरांतील अनेक घरांतून आज हाच हट्ट चालू असेल अशी आमची खात्री आहे. सन २०२१ मध्यें भरलेल्या टोकियो ऑलिंपिकांत हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें महाबलीपुरम् येथील आशियाई स्पर्धेंत रमेश बुदिहाळ या आपल्या खेळाडूनें कांस्यपदक मिळविलें; तेव्हां तरुणांचें लक्ष तिकडे वळलें तर नवल नाहीं.

प्रथम थोडा इतिहास. हा खेळ पॅसिफिक महासागरांतील बेटांचा, विशेषतः हवाईचा. तेथील जुन्या फळ्या कोणत्या लांकडाच्या असत हें वाचून आम्हांस मोठी गंमत वाटली. एक 'उलू', म्हणजे कोंकणांत ज्याचीं कापें आपण आवडीनें खातों तो नीरफणस. दुसरें 'विलिविली', जें वनस्पतिशास्त्राप्रमाणें आपल्या पांगाऱ्याच्याच कुळांतलें. तसेंच हलकें, तसेंच तांबूस फुलांचें. विलिविलीची 'ओलो' नांवाची लांबलचक फळी फक्त सरदारांच्या वाट्यास येई. सामान्य जनांनीं 'अलाया' ही आंखूड व पातळ फळी वापरावी असा रिवाज होता. आज नवशिक्याला जी लांब फळी 'कमीपणाची' वाटते ती एके काळीं राजमान्य होती, हें आम्हीं भाच्यास मुद्दाम ऐकविलें.

भगिनीसाठीं दुसरा दाखला शोधला. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांनीं १९२२ सालीं पतीसह जगप्रवास करतांना हा खेळ शिकून घेतला होता. दक्षिण आफ्रिकेंत त्या पातळ, हलक्या फळीवर पालथ्या पडून लाटेबरोबर येत. पुढें होनोलुलूस गेल्यावर मोठ्या, जड फळीवर उभें राहावयास शिकल्या. भगिनीनें हें ऐकून घेतलें, पण "त्यांच्या आईला विचारलें होतें का?" एवढाच प्रश्न केला.

आतां मुख्य मुद्दा. फळी निवडतांना बहुतेक लोक लांबी पाहतात. जाणते लोक तिचें घनफळ पाहतात, आणि तें लिटरांत मोजतात. आर्किमिडीजचा नियम शाळेंत सर्वांनींच पाठ केलेला असतो. फळी जेवढें पाणी बाजूस सारूं शकते तेवढेंच ओझें ती पेलते. भाच्याचें वजन बहात्तर किलो. त्याची देखणी फळी सुमारें पंचवीस लिटरांची. साहजिकच तो वर पडला कीं फळी त्याच्यासकट पाण्याखालीं जाई, आणि बुडालेली फळी हातांनीं वल्हवून लाटेच्या वेगाशीं वेग जुळविणें म्हणजे चिखलांतून सायकल हांकणें. नामांकित खेळाडूला ती चालते याचें कारण तो उंच, उभ्या लाटेवर जातो. तेथें लाटच त्याला वेग देते, आणि त्याला चटकन् वळावयाचें असतें. नवशिक्याला वळावयाचें नसतें. त्याला फक्त उभें राहावयाचें असतें.

म्हणून साधारण हिशेब असा, कीं शिकाऊ माणसाच्या वजनाचे जितके किलो, निदान तितके लिटर फळीचे असावेत. थोडे अधिक झाले तर बिघडत नाहीं, आणि वय पन्नाशीपुढें असेल तर अधिकच घ्यावेत. आमच्या भाच्यासारख्या मध्यम बांध्याच्या माणसाला आठ ते नऊ फूट लांब, बावीस-तेवीस इंच रुंद व तीन इंचांहून थोडी जाड फळी योग्य. रुंदीनें ती डावी-उजवीकडे कलंडत नाहीं. लांबीनें ती लाट लवकर पकडते. टोंकाचा वर गेलेला बांकही बेताचा असावा, कारण फार वांकविलेली फळी पाणी ढकलीत बसते. लहान मुलांना मात्र एवढें धूड देऊं नये. वारा लागला कीं तें त्यांच्या हातीं राहत नाहीं. त्यांना सहा-सात फुटांची पुरे.

आणि ती मऊ असावी. कठीण फळीच्या आंत फेंस असतो व वर कांचतंतूंचें कवच. शिकाऊ फळीला वरून मऊ थर दिलेला असतो आणि तळाचे पंखही रबरासारखे लवचीक मिळतात. या खेळांत नवशिक्याला इजा बहुधा स्वतःच्या फळीचीच होते. फळी आपण व लाट यांच्यामध्यें कधींही धरूं नये, पडतांना आडवें पडावें, वर येतांना हातांनीं डोकें झांकावें, हे धडे पहिल्याच दिवशीं देतात. हे भाच्याला कोणी आधीं दिले असते तर तीन टांके वांचले असते. मागच्या पायाच्या घोट्याला बांधावयाची दोरी फळीच्याच लांबीची घ्यावी. मेण आपल्याकडे उष्ण पाण्यासाठीं केलेलेंच लागतें. थंड पाण्याचें मेण येथें तुपासारखें वितळतें.

गोव्यांत मोरजी, अश्वें, हरमल या पट्ट्यांत शिकविण्याची सोय आहे, आणि पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथील लाटा सौम्य असतात. शिक्षकानें पुढें केलेली नऊ फुटी निळी फळी पाहून भाचा आमच्या कानांत कुजबुजला, "मामा, ही फळी नव्हे, दरवाजा आहे!" पहिला दिवस तो तिच्यावर नुसता पालथा पडून किनाऱ्यास लागत होता. दुसऱ्या दिवशीं गुडघ्यांवर आला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो उभा राहिला. चार-पांच क्षणच, पण उभा राहिला, आणि मग पाण्यांत पडून असा कांहीं ओरडला कीं किनाऱ्यावरचीं कुत्रीं भुंकूं लागलीं. कोणी पाहत नाहींसें पाहून आम्हीही, एकसष्टाव्या वर्षीं, गुडघाभर पाण्यांत त्या दरवाजावर पडून घेतलें. लाट खालून उचलते आणि फळी आपल्यासह चालूं लागते, तो अनुभव लिहून सांगतां येण्यासारखा नाहीं.

भगिनीच्या भीतीला मात्र आम्हीं हंसण्यावारी नेलें नाहीं. तिचें म्हणणें अर्धें खरेंच होतें. आपल्या उपनगरांच्या किनाऱ्याला दोनच ऋतु. हिवाळ्या-उन्हाळ्यांत जुहू-वर्सोव्याचें पाणी बहुधा इतकें संथ कीं फळीला लाट मिळत नाहीं; आणि पावसाळ्यांत लाट मिळते ती माणूस ओढून नेणारी. जून २०२३ मध्यें बिपरजॉय वादळाच्या दिवसांत जुहूस गेलेलीं मुलें परत आलीं नाहींत. आक्श्याची वाळू जागा बदलते आणि तेथें किती जण बुडाले हें मालाड-मार्व्याकडील कोणीही सांगेल. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी आपलीं होडकीं किनाऱ्यावर ओढून ठेवतो. ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो जर थांबतो, तर शनिवार-रविवारच्या स्वारानें न थांबण्याचें कारण काय? मऊ फळी पोहणें न येणाऱ्याला तारीत नाहीं, कारण दोरी तुटूं शकते. पोहणें आधीं पक्कें करावें. अंधेरीस शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांत तलाव आहे, आमच्या मुलुंडासही कालिदास नाट्यगृहापाशीं आहे. ओहोटीचा प्रवाह आंत ओढूं लागला तर त्याच्याशीं झगडूं नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावें, आणि फळी सोडूं नये.

तेव्हां निकाल असा दिला. देखणी फळी विकून टाकावी, मात्र घेणाऱ्याला ती नवशिक्यासाठीं नाहीं हें स्पष्ट सांगून. नवी फळी तूर्त घेऊंच नये. गोव्यांत शिकवणीबरोबर भाड्यानें मिळते ती वापरावी. दहा-बारा शिकवण्या झाल्या, आपणहून लाट पकडतां येऊं लागली, कीं मग आठ फुटांची मऊ फळी घ्यावी. त्याआधीं अंधेरीच्या इमारतीची लिफ्ट फुटपट्टीनें मोजावी, कारण नऊ फुटी दरवाजा तिच्यांत मावत नाहीं, गर्दीच्या लोकलगाडींत तर त्याचें नांवच काढावयास नको. फळी गच्चीवर उन्हांतही ठेवतां येत नाहीं. उन्हानें वरचा थर सुटतो. जून ते दसरा समुद्र बंद, आणि एकट्यानें कधींही जावयाचें नाहीं, या दोन अटी भगिनीच्या. त्या भाच्यानें मान्य केल्या.

पानें वाढतां वाढतां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग भात वाढून झाल्यावर तिनें विचारलें, "दादा, अठ्ठावन्न किलोला किती लिटर लागतील?"

"कोणाचे अठ्ठावन्न किलो?" भाच्यानें विचारलें.

"तूं जेव," ती म्हणाली.