चित्रपटांतील सांधा

चित्रपट पाहून घरीं परतणारी मंडळी कथेविषयीं बोलतात, नटनटींविषयीं बोलतात, गाण्यांविषयीं तर हमखास बोलतात. परंतु तो कोठें कोठें जोडलेला होता, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या तोंडीं येते. यांत प्रेक्षकाचा दोष नाहीं. सांधा दिसूं नये, हीच कारागिराची धडपड असते.

बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगानें सरके. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटांत १६ चौकटी मावत. म्हणजे मिनिटास ९० फूट फीत लागे. आतां फितीची जागा बहुतेक ठिकाणीं संगणकानें घेतली असली, तरी २४ चौकटींचा हिशेब टिकून आहे. कॅमेरा सुरू होऊन थांबेपर्यंत जें टिपलें जातें, त्या सलग तुकड्यास ‘शॉट’ म्हणतात. एके स्थळीं व एके वेळीं घडणाऱ्या प्रसंगाचे असे तुकडे जोडले म्हणजे एक दृश्य तयार होतें. माणूस नखशिखांत दिसला तर तो ‘लाँग शॉट’, चेहऱ्यानेंच पडदा व्यापला तर ‘क्लोज-अप’. एक चित्र विरतां विरतां दुसरें उमटलें, तर तो ‘डिझॉल्व्ह’. मध्यें कांहीं काळ लोटला, असें तो बहुधा सुचवितो.

नांवें पाठ करून मात्र फारसें साधत नाहीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईस प्रदर्शित झाला. त्या काळच्या मूकपटांत कॅमेरा पुष्कळदां नाटकगृहांतील प्रेक्षकाप्रमाणें एके जागीं बसून असे. पात्रें त्याच्यापुढें येत नि जात. पुढें १९३४ सालीं ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्यें शांताराम यांनीं राजगुरु झालेल्या चंद्रमोहन यांच्या डोळ्यानेंच पडदा भरून टाकला. नाटकगृहांत शेवटच्या रांगेंतील माणसास नटाचा डोळा कधींच एवढा दिसला नव्हता.

तरीही खरी जादू डोळ्याच्या आकारांत नाहीं. त्या डोळ्याच्या आधीं काय दाखविलें व नंतर काय, यांत ती आहे. रशियांत लेव्ह कुलेशोव्ह यानें १९२० च्या सुमारास याचा एक प्रयोग केला. मूळ तुकडे आज उपलब्ध नाहींत, परंतु त्याचा शिष्य पुडोव्हकिन यानें हकीकत लिहून ठेविली आहे. मोझुखिन नामक नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तोच चेहरा एकदां सूपाच्या थाळीशीं, एकदां शवपेटींतील स्त्रीशीं आणि एकदां खेळणाऱ्या लहान मुलीशीं जोडला. पुडोव्हकिन सांगतो कीं, प्रेक्षकांनीं नटाच्या अभिनयाची वाहवा केली: केवढी ती चिंता, काय तें दुःख, किती तें वात्सल्य! बिचाऱ्या नटानें कांहींच केलें नव्हतें. भाव निर्माण झाला तो सांध्यांत, आणि खरें सांगायचें तर प्रेक्षकाच्या मनांत.

सांधा झांकण्यास पार्श्वसंगीताचाही मोठा उपयोग होतो. सारंगी रडूं लागली कीं दृश्य दुःखाचें, हें प्रेक्षक न विचारतां मान्य करतो. १९३७ च्या ‘कुंकू’मध्यें शांताराम यांनीं ही कुबडी टाकून दिली व स्वाभाविक आवाजांवरच भिस्त ठेविली. तें धाडस आजही थोडेच करतात.

कथापटांत ही फसवणूक आनंदाची असते, कारण प्रेक्षक ती राजीखुषीनें पत्करतो. वृत्तपटाची गोष्ट निराळी. तेथें वक्ता बोलतो, लगेच टाळ्या वाजविणारे हात दिसतात, आणि सभेनें त्याचें म्हणणें उचलून धरलें असें वाटतें. ते हात त्याच वाक्याला वाजले, कीं दुसऱ्या कोणाच्या भाषणाला, कीं तासाभरापूर्वीं, हें चित्र स्वतः सांगत नाहीं. अशा वेळीं वक्त्याच्या मागची भिंत आणि श्रोत्यांच्या मागची भिंत एकाच सभागृहाची आहे काय, दोन्हींकडे उजेड एकाच बाजूनें येतो काय, एवढें तरी पाहून घ्यावें.