शाळेचं दूध आणि शाळेच्या बाई

मैत्रिणींनो, शाळा म्हटलं की तुम्हाला पहिलं काय आठवतं? दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत गेलेल्यांना आठवते ती दुधाची चिमुकली बाटली! १९४६ पासून तिथे शाळेत मुलांना रोज सुमारे १९० मिलिलिटर दूध फुकट मिळू लागलं. कडाक्याच्या थंडीत ते बाटलीतच गोठायचं. मग बाटल्या शेगडीजवळ ठेवायच्या. पण ते कोमट दूध कित्येकांना नको व्हायचं. गोळ्या-चॉकलेटं मात्र १९५३ पर्यंत रेशनवर!

मला जास्त जवळच्या वाटतात त्या वर्गातल्या बाई. तिथे बऱ्याच ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ती अट काढली. तरी पुरुषांइतका पगार पूर्णपणे हाती यायला १९६१ साल उजाडलं. भरगच्च वर्ग सांभाळत या बाईंनी युद्धाने होरपळलेली पोरं शिकवली.

आमच्या मंडळात ‘लग्नानंतर नोकरी कशाला?’ असं अजूनही कानावर येतं, तेव्हा मला त्या बाई आठवतात. तुमच्या बाईंना शेवटचं कधी भेटलात? या सुट्टीत जाऊन या की!