चौदावे पोते

शनिवार-रविवार हे माझे पेपर तपासण्याचे दिवस. गेल्या जानेवारीत मात्र राष्ट्रीय सेवा योजनेची अठ्ठावीस मुले-मुली घेऊन मी सांदण दरी साफ करायला निघाले. ‘आधी स्वतःचे टेबल आवर’, असा घरचा आहेरही मिळाला!

सांदण अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ. कसारा, घोटी, भंडारदरा असा जीपचा रस्ता. १९८६ साली झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात ही घळ येते. सह्याद्रीच्या कातळाला सुरीने चीर द्यावी तशी ती दिसते. दोन्ही अंगांना सुमारे दोनशे फुटांच्या भिंती, मधली वाट काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांपुरती. तळाशी ऊन येते ते पाहुण्यासारखे, घटकाभर. पावसाळ्यात हिच्यातून पाणी कोकणाकडे कोसळते. म्हणजे वर टाकलेली पिशवी खालच्यांच्या दारात.

मुलांना ओढ होती ती बिबट्याची आणि शेकरूची. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी झाडावरून सहसा खाली उतरत नाही. वाटाड्या म्हणून आलेल्या गावातल्या बाबांनी उंच फांदीवरचे काटक्यांचे गोल घरटे तेवढे दाखवले. “जनावर कुठं आहे, बाबा?” मी विचारले.

“जनावर येऊन गेलं तर पाऊल ऱ्हातं, बाई. मानूस येऊन गेला तर पिशवी ऱ्हाती.”

मग सारे मुकाट्याने कामाला लागले. वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, कुणाचा एकच बूट! थंडगार डोहात कमरेइतक्या पाण्यात उतरून मुलींनीही कचरा काढला. दुपारी गावात पोती मोजली, ती चौदा भरली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

तेवढ्यात माझ्या वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा चौदावे पोते घेऊन आला. “मॅडम, हे मोजायचं का? हे आपलंच आहे.”

पोत्यात आमच्याच चहा-नाश्त्याचे कागदी पेले, थाळ्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. भांडी विसळण्याची कटकट नको, म्हणून ते सामान मीच आणायला लावले होते! पेला नावाचा कागदी; आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो कुजत नाही.

“राहू द्या ना, मॅडम,” दुसरा पुटपुटला, “अहवालात चौदा बरे दिसतील.” दोन वर्षांत २४० तास भरले की प्रमाणपत्र मिळते, अहवालाला वजन असते, हे मीही जाणून होते. क्षणभर मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण सगळी मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. वर्गात निबंधातून प्रामाणिकपणा शिकवणे सोपे. इथे तो एका पोत्यावर येऊन ठेपला होता.

“तेरा लिहा,” मी म्हटले, “आणि चौदाव्याखाली माझे नाव घाला.”

रविवारी सकाळी गावातल्या घरांतून स्टीलचे पेले मागून आणले. चहा झाल्यावर अठ्ठावीस जण राखेने ते घासत बसले, एकोणतिसावी मी. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने माझा पेला उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हाती दिला.

“मॅडम, बुडाला राख राहिली आहे.”

मी तो पुन्हा घासला.