इन्व्हर्टर बॅटरीशेजारी, बटण हाताशी
फिरत्या दवाखान्याच्या गाडीत इन्व्हर्टर चालकाच्या हाताशीच हवा, असा आग्रह अनेकदा धरला जातो. माझ्या मते त्याची जागा बॅटरीशेजारी. हाताशी आणायचा तो वायरने जोडलेला रिमोट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॉटचा भार चालवायला, इन्व्हर्टरमधला अपव्यय धरून, ९० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. २५ चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची केबल टाकूनही चार मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटरांत, सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर तेवढ्यानेही इन्व्हर्टर बंद पडू शकतो. रिमोटच्या बारीक तारेतून मात्र फक्त चालू-बंदचा इशारा जातो.

उठून बटण दाबलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते कंटाळ्यामुळे: इन्व्हर्टर चालूच राहतो. रिकामा असताना तो एक अँपिअर जरी ओढत असला, तरी दिवसभरात २४ अँपिअर-तास जातात, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळपास चौथा भाग. बिनतारी रिमोट सोयीचा खरा, पण त्याचा रिसीव्हर सतत जागा ठेवावा लागतो.

जोडणीआधी बॅटरी सोडवावी. रिमोटची तार इन्व्हर्टरच्या कंपनीचीच घ्यावी. टेलिफोनच्या तारेसारखी दिसणारी दुसरी तार खाचेत बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. तार जिथून जाते त्या पत्र्याच्या छिद्रात रबरी कडं हवंच. आणि रिमोट बंद केला म्हणजे वीज तुटली असं मुळीच समजू नये: इन्व्हर्टरपर्यंत बॅटरीचा पुरवठा तसाच असतो, त्यामुळे दुरुस्तीपूर्वी मुख्य फ्यूज काढायलाच हवा.